कारखाना सरकारचा असला म्हणजे न्याय आपोआप होतो का? नाशिकच्या एका मशिनिस्टच्या प्रश्नाला उत्तर

जय भीम. तुमचा प्रश्न चार ओळींचा असला तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. तुम्ही लिहिलंय: बाबासाहेबांनी 1947 मध्येच मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे हवेत असं मांडलं होतं. ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडच्या प्रेसमुळे आमच्या वस्तीतली एक पिढी पक्क्या घरात गेली. आता तिथे पूर्वीसारखी भरती नाही. मग सरकारी उद्योगांची मागणी लावून धरायची, की आयटीआय करून काही वर्षं व्हीएमसीवर (धातूचे भाग कापणाऱ्या संगणकचलित यंत्रावर) काम केलेल्या माझ्यासारख्याने कर्ज काढून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्वतःचं युनिट टाकायचं?

पहिला प्रश्न धोरणाचा आहे, दुसरा तुमच्या घरचा. पण दोन्हींची गाठ एकाच जागी आहे. सरकारकडे मालकी असणं ही एक गोष्ट, आणि त्या मालकीला न्यायाची लेखी, मोजता येणारी अट जोडलेली असणं ही दुसरी. नाशिकमध्ये जे भलं झालं ते दुसऱ्या गोष्टीने झालं, आणि जिथे वाट बंद होत गेली तिथेही ती अटच आधी निसटली. हे समजलं की काय मागायचं आणि स्वतः काय करायचं, दोन्ही बरंच स्पष्ट होतं.

बाबासाहेबांची मांडणी आधी नीट बघू, कारण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. 1918 सालच्या निबंधात त्यांनी दाखवलं की शेतीची खरी अडचण तुकड्यांपेक्षा जमिनीवर जगणाऱ्या जादा माणसांची आहे. ही माणसं उद्योगात गेली तर मागे राहणाऱ्यांची शेतीही सुधारेल. हे नाशिक जिल्ह्यात आजही डोळ्यांना दिसतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची जवळपास 25.6 टक्के लोकसंख्या आदिवासी आणि 9 टक्के अनुसूचित जातींची होती. सुरगाणा-पेठकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात आणि हंगाम सरला की परततात. या कुटुंबांना अर्धा एकर जमीन वाटून प्रश्न सुटत नाही, हे त्या निबंधाचं म्हणणं होतं.

पुढे 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. कळीचे उद्योग सरकारने स्वतः चालवायचे, मूलभूत उद्योग सरकारने किंवा सरकारी महामंडळांनी चालवायचे, विमा सरकारच्या हाती ठेवायचा, शेती हाही सरकारी उद्योग करायचा. खाजगी उद्योगाची प्रत्येक वाट बंद करावी असं त्यांनी म्हटलेलं नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यांचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं: ज्याच्या हाताला काम नाही, त्याला कोणी काम देऊ केलं पण तास ठरलेले नाहीत, संघटना करायची नाही अशी अट घातली, तर तो मूलभूत हक्क सोडून ती नोकरी धरेल. पोटाची भीती असताना कागदावरचे हक्क टिकत नाहीत. म्हणून त्यांना ही योजना संविधानातच हवी होती, म्हणजे पुढचं कुठलंही बहुमत ती सहज मोडू शकणार नाही. मुदतही होती, जास्तीत जास्त दहा वर्षं.

ती संविधानात आली नाही. तिचा काही अंश कलम 39 च्या (ख) आणि (ग) मध्ये आणि कलम 46 मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आला, आणि मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. नोकऱ्यांतलं आरक्षण कलम 16(4) मधून आलं, तेही राज्याला मुभा देणारं. सरकारी उद्योग वाढले, पण वेगळ्या कारणांनी. 1956 च्या औद्योगिक धोरणात 17 उद्योग सरकारसाठी राखले गेले, त्यात विमाननिर्मिती होती. त्यामागचा हेतू संरक्षण आणि अवजड उद्योगांचा पाया हा होता. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस तर 1925 ची, नोट प्रेस 1928 ची, दोन्ही इंग्रजांच्या काळातल्या. ओझरचा कारखाना 1964 मध्ये आला तो मिग विमानांसाठी.

मग तिथून सामाजिक बदल कसा झाला? एखाद्या कामगाराच्या पगारपत्रकाकडे बघा. ठरलेल्या तारखेला पगार, भविष्यनिर्वाह निधीची कपात, पतपेढीचा हप्ता, वैद्यकीय सोय. आठवड्याचे तास ठरलेले. हे तासही फुकट मिळालेले नाहीत, बाबासाहेब मजूरमंत्री असताना तयार झालेल्या आणि 1946 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ते 54 वरून 48 वर आले. वसाहतीतलं क्वार्टर ज्येष्ठतेने मिळतं, त्यामुळे शेजारी कोण राहायला येणार हे जात ठरवत नाही. गावकीच्या कामावर, पाटलाच्या मर्जीवर पोट अवलंबून राहत नाही. जिथे 1930 मध्ये काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच शहराच्या पंचक्रोशीत पुढच्या पिढीने हे मिळवलं. भरतीची वाटही तेव्हा जवळची होती. 1959 च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक होतं आणि तिथे नाव नोंदवलेल्यांमधून बोलावणं यायचं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त तेवढ्यावर न थांबता जाहिरातही द्यावी असं सांगितलं. ते समानतेच्या दृष्टीने योग्यच होतं, पण त्यानंतर स्पर्धा जिल्ह्याबाहेर गेली आणि आता तर संगणकावरच्या परीक्षेवर आली. पेठच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलाला क्लास लावलेल्या मुलाशी टक्कर द्यावी लागते.

याच कहाणीची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर आपण अर्धंच बोलू. मिग प्रकल्पाचे तीन भाग होते: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. इंजिनच्या कारखान्यासाठी 1968 मध्ये तिथलं चिकापार हे गाव उठवलं गेलं. नव्या जागी वसल्यावर पुढच्या प्रकल्पांसाठी त्याच लोकांना पुन्हा उठावं लागलं. मालक तेच सरकार, विमान तेच. एका टोकाला दलित कामगाराला क्वार्टर मिळालं आणि दुसऱ्या टोकाला आदिवासी-दलित कुटुंबांचं घर गेलं. फरक कुठे पडला? नोकरीला आरक्षणाचा नियम जोडलेला होता, जमीन घेताना पुनर्वसनाचा तसा बांधील नियम तेव्हा नव्हता. पोलादाचंही तसंच. मालवाहतूक समानीकरणामुळे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशभर सारख्या भावात मिळायचं. सातपूरच्या वर्कशॉपना त्याचा फायदा झाला आणि ज्या भागातून खनिज निघतं तिथल्या आदिवासींना हक्काचा लाभ मिळाला नाही. आपल्या नाशिकच्या उद्योगांमागे त्यांचाही वाटा आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

आता नोकरीच्या नियमाकडे. ‘आरक्षण आहे पण जागा नाहीत’ असं सगळे म्हणतात, पण जागा नेमक्या कशा नाहीशा होतात हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यासाठी बिंदुनामावली, म्हणजे कितवं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे क्रमाने सांगणारा तक्ता, वाचता आली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या सभरवाल निकालानंतर केंद्राने 1997 पासून रिक्त जागांऐवजी पदांवर आधारित बिंदुनामावली लागू केली. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेच्या भरतीत ओबीसीचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा येतो. म्हणजे अनुसूचित जाती 15, जमाती 7.5 आणि ओबीसी 27 टक्के हा हिशेब पुरेशी पदं एकाच संवर्गात, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटात, असली तरच पूर्ण उतरतो. (स्थानिक पातळीवरच्या गट क च्या भरतीत टक्केवारी राज्याप्रमाणे बदलते, त्यामुळे जाहिरात वाचताना कुठला तक्ता लावलाय ते आधी बघा.)

समजा 40 पदांचा एक संवर्ग आहे. त्यात अनुसूचित जातींची 6, जमातींची 3 आणि ओबीसींची 10 पदं होतात. आता त्याच 40 पदांचे प्रत्येकी 10 चे चार संवर्ग केले, तर प्रत्येकात अनुसूचित जातीचं 1, ओबीसींची 2 आणि जमातीचं शून्य. एकूण 4, 8 आणि शून्य. लहान संवर्गांसाठी फिरती बिंदुनामावली असते, म्हणजे पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांवर तोच क्रम चालू राहतो, हे खरं, पण 10 पदांच्या संवर्गात चौदावा बिंदू म्हणजे चौथी रिकामी होणारी जागा. चार जण निवृत्त होईपर्यंत आदिवासी उमेदवाराने थांबायचं. कोणी कायदा मोडला नाही, कोणी आरक्षण काढलं नाही, तरी तीन घरांची नोकरी गेली. संवर्ग तोडण्याला तांत्रिक कारणं असू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी हेतू वाईट असं मी म्हणणार नाही. पण परिणाम मोजायला हवा.

दुसरी गळती याहून मोठी आहे. सफाई, उपाहारगृह, बागकाम, सुरक्षा, माल चढवणं-उतरवणं ही कामं कंत्राटदाराकडे गेली की ती पदंच मंजूर यादीतून निघतात. बिंदुनामावली पदं मोजते, कंत्राटदाराने पाठवलेली माणसं मोजत नाही. आणि हीच पदं आपल्या लोकांच्या पहिल्या पिढीला आत घेणारी होती. आज त्याच गेटमधून तोच समाज आत जातो, फक्त पास वेगळ्या रंगाचा असतो आणि पगार बराच खाली. केंद्राच्या आदेशांप्रमाणे 45 दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या थेट तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण लागू आहे, हे लक्षात ठेवा. कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसाला ते संरक्षण पोचत नाही.

म्हणून ‘सरकारी कारखाने वाढवा’ ही मागणी मी चुकीची म्हणणार नाही, पण ती अपुरी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरला तेजस या लढाऊ विमानाची नवी उत्पादनरेषा सुरू झाली. काम आलं, ही चांगलीच गोष्ट आहे. आता विचारायचं ते हे: या कामासाठी मंजूर पदं किती, कोणत्या संवर्गात, किती मुदतबंद, किती बाहेरून. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून हे विचारता येतं आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. अर्ज मोघम लिहू नका. ‘1 जानेवारी रोजीची संवर्गनिहाय मंजूर पदं, भरलेली पदं, प्रवर्गनिहाय संख्या, अनुशेष आणि बिंदुनामावलीच्या नोंदवहीची प्रत’ एवढंच मागा. ‘भरती का होत नाही’ असा प्रश्न विचारला की उत्तर टाळायला जागा मिळते, कारण माहिती अधिकारात कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही. कागद हातात आला की अनुसूचित जाती-जमातींसाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याकडे, आणि तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय आयोगाकडे जा. आदिवासींचा आयोग 2004 पासून वेगळा आहे. हे काम एकट्याने करू नका, आत काम करणाऱ्यांच्या संघटनेला बरोबर घ्या. त्यांना संवर्गांची नावं तोंडपाठ असतात.

शिकाऊ उमेदवारीबद्दल थोडक्यात. 30 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, खाजगी कारखान्यांनीही. अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात जागा राखायची तरतूद कायद्यात आहे. नोकरीची हमी नाही, पण इतर गोष्टी समान असतील तर त्याच आस्थापनेत शिकलेल्याला प्राधान्य द्यावं असं 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे ही मागणी करायला कोणी जात नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथे खाजगी क्षेत्रातलं एकमेव बांधील दार उघडं आहे.

आता तुमच्या घरच्या प्रश्नाकडे वळतो. सरकारच्या हातात अजूनही तीन मोठ्या गोष्टी आहेत: जमीन, कर्ज-अनुदान आणि खरेदी. तुमच्यासारख्या मुलांना पहिल्या दोघींबद्दल सगळे सांगतात. तिसरीबद्दल कोणी सांगत नाही, आणि युनिट जगतं ते तिसरीवर.

केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म-लघुउद्योगांकडून घ्यायची, त्या 25 पैकी 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या आणि 3 टक्के महिलांच्या मालकीच्या युनिटकडून. निविदेचं शुल्क आणि अनामत रक्कम माफ. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि सर्वांत कमी दर देणारा लघुउद्योग नसला, तर त्या दराला उतरून तुम्हाला ऑर्डरचा काही भाग घेता येतो. मालकी एकट्याची असेल तर पूर्ण तुमची हवी, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान 51 टक्के. उद्यम नोंदणीत (लघुउद्योगाच्या केंद्राकडच्या नोंदणीत) प्रवर्ग अचूक भरलेला आणि जातीचा दाखला तयार हवा. व्यापाऱ्याला हा लाभ नाही, तुम्ही स्वतः बनवत असाल तरच.

यातली पळवाटही सांगतो. पात्र अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत आलेच नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर ती 4 टक्के खरेदी इतर लघुउद्योगांकडून पूर्ण करायची मुभा धोरणातच आहे. म्हणजे न गाठलेलं उद्दिष्ट पुढच्या वर्षी अनुशेष म्हणून येत नाही. नोकरीतल्या रिक्त राखीव जागेचा अनुशेष पुढे चालतो, खरेदीतला चालत नाही. धोरणाची मागणी करायचीच असेल तर ही करा: खरेदीलाही अनुशेष हवा.

तुम्ही पात्र ठरायचं म्हणजे काय? विमानाच्या सुट्या भागांसाठी एएस 9100 हे प्रमाणपत्र लागतं, पहिल्या नगाचा तपासणी अहवाल लागतो, सीएमएम या अचूक मोजणीच्या यंत्रावरचं मोजमाप लागतं, आणि प्रत्येक नगाचा धातू कुठल्या लॉटमधला याची नोंद लागते. पहिल्या वर्षात हे जमत नाही. म्हणून नवीन माणसाने थेट ओझरच्या निविदेमागे लागू नये. आधी त्यांच्या एखाद्या जुन्या वेंडरकडे जॉबवर्क करायचं, तपासणीचे कागद सांभाळायची सवय लावायची, आणि मग स्वतःच्या नावाने उतरायचं. जिग, फिक्स्चर (काम करताना नग पकडून ठेवायची साधनं), साधे ब्रॅकेट ही पहिली पायरी ठीक.

अनुदानांचं त्रोटक सांगतो. पीएमईजीपी या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेमध्ये उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा 50 लाख, विशेष प्रवर्गाला (त्यात अनुसूचित जाती-जमाती येतात) शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा 5 टक्के. हे अनुदान हातात येत नाही, तुमच्या नावाने बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं. राष्ट्रीय एससी-एसटी हबच्या योजनेत यंत्रांवर 25 टक्के, कमाल 25 लाख. एकाच यंत्रावर दोन भांडवली अनुदानं लावायला जाऊ नका, तिथे प्रकरण अडकतं. यंत्र नवीनच हवं, आणि कोटेशन मंजुरीच्या आधी पैसे दिलेले चालत नाहीत.

बहुतेक युनिट बंद पडतात ती यंत्राच्या हप्त्याने नव्हे, खेळत्या भांडवलाने. आकडे मांडून बघू. महिन्याला 8 लाखांची विक्री धरा. माल 4.8 लाख, मजुरी, वीज, टूल मिळून 1.8 लाख. रोख खर्च 6.6 लाख. कच्चा माल 15 दिवसांचा पडून, काम चालू 15 दिवस, आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे 90 दिवसांनी. फेरा चार महिन्यांचा झाला, म्हणजे 26.4 लाख अडकले. वर 18 टक्के जीएसटी. बिलावरचा 1.44 लाख कर काही मालाबरोबर पुरवठादाराला आणि उरलेला पुढच्या महिन्यात सरकारला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. तीन महिन्यांचे आणखी 4.3 लाख. गरज झाली 30.7 लाखांची.

बँक काय देते? लघुउद्योगासाठी वापरल्या जाणाऱ्या नायक समितीच्या सूत्राने वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या 20 टक्के, म्हणजे 96 लाखांवर 19.2 लाख, आणि तुमचे 5 टक्के, म्हणजे 4.8 लाख. दोन्ही मिळून 24 लाख. 6.7 लाख कमी पडतात. ते सूत्र तीन महिन्यांचा फेरा गृहीत धरतं, तुमचा चार महिन्यांचा आहे. ज्याच्या घरी शेती, दुकान किंवा भावकीचा पैसा आहे तो ही फट दोन फोनमध्ये भरतो. आपल्या माणसाकडे ते नातं नसतं. तो सावकाराकडे जातो, नाहीतर टूल बदलायचं पुढे ढकलतो, मग नग रिजेक्ट होतात, मग पेमेंट आणखी लांबतं. जातीची भांडवलातली दरी नेमकी या 6.7 लाखांत दिसते. ती भरून काढणारी योजना जवळपास नाही, आणि सामाजिक न्यायाचं पुढचं काम मला इथे दिसतं.

तोपर्यंतचा उपाय: पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकाचा माल घेऊन फक्त जॉबवर्क करा. माल तुमचा नसल्यामुळे चार महिन्यांच्या फेऱ्यातही 7.2 लाखच अडकतात. नफा कमी पडेल, पण झोप लागेल. शिवाय उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी झालेली हवी, कारण 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा आणि थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सुविधा परिषदेत जाण्याचा हक्क नोंदणीनंतरच्या बिलांनाच निर्विवाद मिळतो. नवीन वेंडर पहिल्याच गिऱ्हाइकावर दावा करत नाही हे मलाही कळतं. पण बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की गिऱ्हाइकाच्या हिशेबखात्याला, आयकराच्या नियमामुळे (लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च, पैसे देईपर्यंत, वजा धरला जात नाही), ते बिल वेळेत काढावंसं वाटतं.

एक इशारा. कोणी तुम्हाला मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थेत प्रवर्तक व्हायला बोलावलं तर आधी रचना समजून घ्या. सामाजिक न्याय विभागाच्या त्या योजनेत सभासदांचे 5 टक्के, सरकारी भागभांडवल 35, सरकारी दीर्घ मुदतीचं कर्ज 35 आणि बँकेचं कर्ज 25 टक्के असा आकृतिबंध होता. एक कोटीच्या प्रकल्पात सभासदांनी 5 लाख जमवले की सरकारचे 70 लाख. कल्पना उत्तम, बाबासाहेबांच्या विचाराला जवळची. पण ते 5 लाख बाहेरच्या माणसाने भरले की संस्था नावालाच आपली राहते. बँक तिचे 25 लाख लवकर देत नाही, शेड उभी राहते, यंत्र पेटीत राहतं, आणि सुरुवातीपासून हातात ऑर्डर कोणाचीच नसते. सभासदांचे पैसे कुठून आले, यंत्राचं कोटेशन कोणी आणलं आणि पहिल्या सहा महिन्यांचा माल कोण घेणार, या तीन प्रश्नांची कागदावर उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका.

तुम्ही युनिट टाकावं की नाही, हे तीन गोष्टींवर ठरेल. एखादं गिऱ्हाईक आधी लेखी चौकशी द्यायला तयार आहे का, घरात दुसरा पगार आहे का, आणि तुम्हाला प्रोग्रॅमिंगबरोबर दर काढता येतो का. तिन्ही असतील तर पुढे जा. एकच असेल तर आणखी दोन वर्षं नोकरीत काढा आणि संध्याकाळी कॉस्टिंग शिका. वय तीसच्या आत असेल तर सरकारी भरतीचे अर्जही चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवात भाड्याच्या गाळ्यात करा, भूखंडाच्या मागे लागू नका. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, अधिमूल्य आधी भरावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करून दाखला घ्यावा लागतो. मुदत चुकली की दंड. खेळत्या भांडवलातले पैसे भिंतींत गेले की वर लिहिलेली फट दुप्पट होते. गाळा घेताना मालकाकडे पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी आहे का ते बघा आणि तिची प्रत करारासोबत जोडून घ्या. ती नसेल तर त्या पत्त्यावर वीजभार वाढवून घेताना आणि अनुदानाच्या तपासणीत अडचण येते. वीजभार किती मंजूर आहे हे बिलावर बघा. व्हीएमसी, कॉम्प्रेसर आणि लाइट मिळून तुमची गरज आधी यंत्रविक्रेत्याकडून लिहून घ्या, आणि करारावर सही त्यानंतरच करा.